प्रवाशाचा भरवसा : काळी-पिवळी टॅक्सी आणि ॲपवरील टॅक्सी



मुंबई शहरात भाड्याची मोटार प्रथम धावू लागली ती १९११ साली. तोपर्यंत घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाडीतून हिंडणाऱ्या मुंबईकराला या नव्या वाहनाचे अप्रूप वाटले असल्यास नवल नाही. पुढे शहर उत्तरेकडे वाढत गेले आणि टॅक्सी ही चैनीची वस्तू न राहता गरजेची वस्तू झाली. १९६४ सालापासून कुर्ला येथील कारखान्यात तयार होऊ लागलेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्धी पावलेली फियाट तर मुंबईच्या रस्त्यांची ओळखच होऊन बसली. या बनावटीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून निवृत्त झाली. काळा-पिवळा रंग दुसऱ्या बनावटीच्या गाड्यांवर कायम राहिला. परंतु जुन्या फियाटच्या निरोपाने अनेकांना हळहळ वाटली.

ही हळहळ मनापासूनची होती. तथापि, एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. फियाटची आठवण काढणारे कित्येक प्रवासी त्याच आठवड्यात कचेरीला जाताना भ्रमणध्वनीवरील ॲपमधून मोटार मागवीत होते. आठवण एका गाडीची आणि प्रवास दुसऱ्या गाडीतून, असे का घडावे? नव्या सोयीचे आकर्षण एवढेच याचे कारण आहे काय? आणि ज्या अपेक्षेने प्रवासी नव्या सेवेकडे वळला, ती अपेक्षा पुरी झाली काय? या प्रश्नांचा विचार गेल्या काही वर्षांतील प्रवाशांच्या अनुभवांच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

भाड्याच्या मोटारीत बसणारा मनुष्य मुळात तीन गोष्टींचा भरवसा मागत असतो. पहिली, गाडी मिळेल. दुसरी, भाडे रास्त असेल. तिसरी, काही वावगे घडल्यास त्याचा जाब देणारा कोणी असेल. वातानुकूलन, मऊ आसने, स्वच्छता या गोष्टी चांगल्या आहेत. पण त्या नंतरच्या. या तीन कसोट्यांवर दोन्ही सेवा घासून पाहिल्या, तर जुने सगळे टाकाऊ आणि नवे सगळे उत्तम, किंवा याच्या उलट, असे कोणतेच सरळसोट उत्तर हाती येत नाही.

मीटरचे बळ आणि नकाराचे दुखणे

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे सर्वांत मोठे बळ तिच्या मीटरमध्ये आहे. हे भाडे चालक ठरवीत नाही आणि मालकही ठरवीत नाही. ते सार्वजनिक अधिकाराने ठरते आणि सर्वांना माहीत व्हावे म्हणून जाहीर केले जाते. दर कोणत्या सूत्राने ठरवावा यासाठी शासनाने वेळोवेळी समित्या नेमल्या. २०१२ मधील हकीम समिती आणि २०१६ मध्ये नेमलेली खटुआ समिती या त्यांपैकी प्रमुख होत. वाहनाची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा आणि महागाई या बाबी विचारात घेऊन दर काढला जावा, अशी यामागील भूमिका आहे.

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात टॅक्सीचे किमान भाडे २८ रुपयांवरून ३१ रुपये झाले. हे भाडे पहिल्या दीड किलोमीटरसाठी असून त्यापुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे असा दर ठरला. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यात एक चतुर्थांश वाढ होते. म्हणजे या दराने आठ किलोमीटरच्या प्रवासाला, वाटेतील खोळंब्याचा आकार सोडल्यास, दिवसा सुमारे १६५ रुपये आणि मध्यरात्रीनंतर सुमारे २०७ रुपये पडतात. हा हिशेब कोणत्याही प्रवाशाला गाडीत बसल्या बसल्या करता येतो. पाऊस असो, सण असो, आगगाड्या बंद पडलेल्या असोत, हा दर बदलत नाही.

मीटरबद्दल तक्रारी नव्हत्या असे मात्र नाही. जुन्या यांत्रिक मीटरवर दिसणारा आकडा हा भाड्याचा आकडा नव्हे. त्यासाठी दरपत्रक पाहावे लागे. नवख्या प्रवाशाला त्याचा उलगडा होत नसे. काही मीटर ‘पळतात’ हीही नेहमीची कुरकुर होती. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि देय रक्कम थेट दिसू लागल्याने या वादाची धार बरीच कमी झाली.

खरे दुखणे निराळेच होते. दर रास्त असून उपयोग काय, गाडीच मिळत नसेल तर? लांब पल्ल्याच्या आगगाडीतून दादरला उतरलेल्या, हाती दोन बॅगा असलेल्या कुटुंबाने परळचे नाव काढावे आणि चालकाने मान हलवून नकार द्यावा. परळच्या रुग्णालयाबाहेर आजारी माणसाला आधार देऊन उभ्या असलेल्या नातेवाइकाने चार गाड्यांना हात करावा आणि चौघांनीही पुढे निघून जावे, असे प्रसंग मुंबईकराच्या ओळखीचे आहेत. गॅस भरायचा आहे, पाळी संपली आहे, गाडी मालकाकडे पोचवायची आहे, त्या बाजूला परतीचे भाडे मिळत नाही, अशी कारणे सांगितली जात. त्यांपैकी काही खरीही असत. परंतु रस्त्यावर ताटकळणाऱ्याला खरे कारण आणि सबब यांतील फरक कळण्याचा मार्ग नव्हता.

कायदा या बाबतीत मुग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १७८ व्या कलमान्वये परवानाधारकाने किंवा चालकाने नियमबाह्य रीतीने भाडे नाकारणे हा दंडनीय अपराध आहे. परंतु गाडीचा क्रमांक टिपून घ्यायचा, तो परिवहन कार्यालयाला कळवायचा, पाठपुरावा करायचा, एवढी सवड घाईतल्या प्रवाशाला कोठून असणार? तो पुढच्या टॅक्सीला हात करी आणि मनातल्या मनात चडफडत राही. लहान लहान नकारांची ही नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही. ती प्रवाशांच्या मनात मात्र साठत गेली.

पडद्यावर दिसणारी मोटार

या साठलेल्या नाराजीच्या पार्श्वभूमीवर नवी सेवा आली. दूरध्वनीवरून मागवता येणाऱ्या वातानुकूलित टॅक्सी मुंबईत २००७ मध्ये सुरू झाल्या होत्या. ओला ही कंपनी २०१० साली स्थापन झाली. उबर २०१३ मध्ये भारतात आणि २०१४ मध्ये मुंबईत आली. थोड्याच अवधीत शहरातील मध्यमवर्गाची सवय बदलली.

त्यामागील कारण तंत्रज्ञानाच्या ओढीपेक्षा साधे होते. या सेवेत चालकाची मनधरणी करावी लागत नव्हती. घरात बसून गाडी मागवावी, तिचा क्रमांक, चालकाचे नाव आणि छायाचित्र समोर दिसावे, गाडी कोठवर आली हे नकाशावर पाहता यावे आणि अंदाजे भाडे आधीच कळावे, ही सोय लहान नव्हे. रात्रपाळी संपवून निघणाऱ्या स्त्रीला आपला मार्ग घरच्यांना दाखवता येऊ लागला. सुट्या पैशांचा वाद मिटला. परगावाहून आलेल्या पाहुण्याला रस्ते ठाऊक नसले तरी अडत नाहीसे झाले. आरंभीच्या काळात कंपन्यांनी ग्राहक मिळवण्यासाठी भरघोस सवलती दिल्या, त्यामुळे वातानुकूलित गाडी कित्येकदा काळ्या-पिवळ्या टॅक्सीपेक्षा स्वस्त पडे. अशा वेळी प्रवासी तिकडे न वळता तरच आश्चर्य.

परंतु सवलती ओसरल्या आणि नकार परत आला. या खेपेस त्याचे रूप बदललेले होते. गाडी नक्की झाल्याचा संदेश येतो, पाठोपाठ चालकाचा दूरध्वनी येतो : “कुठे जायचे आहे? पैसे रोख देणार का?” उत्तर मनासारखे नसेल तर फेरी रद्द होते. कधी चालक फेरी रद्द करीत नाही. गाडी मात्र नकाशावर एकाच जागी उभी राहते. अखेर कंटाळून प्रवाशानेच ती रद्द करावी आणि रद्द करण्याचा आकारही त्यानेच भरावा, असा प्रकार घडतो. पूर्वी नकार समोरासमोर मिळे आणि दुसऱ्या गाडीला हात करता येई. आता दहा मिनिटे वाट पाहिल्यावर नकार मिळतो आणि पहिल्यापासून सगळे पुन्हा सुरू करावे लागते. विमानतळाकडे किंवा परीक्षेला निघालेल्या माणसाला ही दहा मिनिटे किती महाग पडतात, हे सांगावयास नको.

भाडे कोणी ठरवावे?

दुसरी कसोटी भाड्याची. ॲपवरील गाडीचे भाडे मागणीप्रमाणे चढते-उतरते. पावसाचा जोर वाढला, उपनगरी गाड्या रखडल्या, की नेमकी तेव्हाच रक्कम फुगते. गाड्या कमी आणि प्रवासी अधिक असतील तर वाढीव भाड्यामुळे अधिक चालक त्या भागाकडे येतात, असे कंपन्यांचे म्हणणे आहे. यात काही तथ्य आहे. पण ही वाढ किती असावी आणि कोणत्या हिशेबाने व्हावी, हे प्रवाशाला समजत नाही. मीटरचा हिशेब त्याला करता येत होता. येथे त्याच्यासमोर केवळ एक आकडा येतो. तो मान्य करावा किंवा सोडून द्यावा, एवढेच त्याच्या हाती उरते.

या गोष्टीची दखल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही घ्यावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने एका मोठ्या ॲप कंपनीला असा आदेश दिला की, परतावा बँक खात्यात हवा की कुपनाच्या रूपाने, याची निवड ग्राहकाला करता आली पाहिजे आणि ऑटोरिक्षाच्या प्रत्येक फेरीची पावतीही मिळाली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये, भ्रमणध्वनीच्या प्रकारानुसार एकाच प्रवासाला निरनिराळे भाडे दाखवले जाते, अशा तक्रारींवरून दोन कंपन्यांना नोटिसा बजावण्यात आल्या. कंपन्यांनी हा आरोप नाकारला. आरोपाचे खरेखोटेपण बाजूला ठेवले तरी अशी शंका घेतली जावी, यातच सारे आले. रस्त्यावरच्या मीटरबद्दल ‘तुमच्या खिशाकडे पाहून पळतो’ अशी शंका कोणी घेतली नव्हती. कारण त्याचा दर जाहीर होता.

म्हणून भाड्याचा प्रश्न केवळ स्वस्त-महाग एवढाच नाही. सार्वजनिक रस्त्यावर, परवाना घेऊन, लोकांची ने-आण करणाऱ्या वाहनाचे भाडे ही लोकांना ठाऊक असणारी बाब असावी की नसावी, हा खरा प्रश्न आहे.

सुरक्षितता आणि जबाबदारी

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून मागवलेल्या टॅक्सीच्या चालकाने प्रवासी तरुणीवर केलेल्या अत्याचाराने सारा देश हादरला. पडद्यावर नाव आणि छायाचित्र दिसले म्हणजे चालकाची पारख झाली असे नव्हे, हे त्या घटनेने दाखवून दिले. कंपन्या स्वतःला केवळ मध्यस्थ म्हणवीत होत्या : गाडी चालकाची, प्रवास प्रवाशाचा, आपण दोघांची गाठ घालून देतो, एवढेच. मध्यस्थाची जबाबदारी कायद्यात स्पष्ट नसल्याने प्रवाशाच्या तक्रारीला पत्ताच राहत नव्हता.

ही उणीव २०१९ च्या दुरुस्तीने दूर झाली. मोटार वाहन अधिनियमात अशा मध्यस्थ कंपनीची व्याख्या प्रथमच समाविष्ट झाली आणि तिला राज्याचा परवाना घेणे आवश्यक ठरले. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील अशा कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्यास मुदत घालून दिली. ज्या सेवेने लाखो लोकांची ने-आण केली, ती परवान्याच्या चौकटीत येण्यास इतकी वर्षे लागली.

काळी-पिवळी टॅक्सी या कसोटीवर कशी उतरते? तिच्या चालकापाशी बिल्ला असतो, अंगावर गणवेश असतो आणि तिच्या परवान्याची नोंद परिवहन कार्यालयात असते. पण मध्यरात्री एकट्या प्रवाशाने हात दाखवून थांबवलेली गाडी कोणती होती, याची नोंद आपोआप कोठेही होत नाही. क्रमांक प्रवाशालाच लक्षात ठेवावा लागतो. या बाबतीत ॲपची सोय निःसंशय उजवी आहे.

चालक आणि हात दाखवणारा प्रवासी

प्रवाशांच्या तक्रारी ऐकताना चालकाची बाजू विसरता येत नाही. कालचा काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चालक हाच पुष्कळदा आजचा ॲपवरील चालक असतो. कर्ज काढून त्याने गाडी घेतलेली असते. हप्ता, इंधन आणि कंपनीचे कमिशन वजा जाता हाती काय उरते, यावर त्याचे घर चालते. प्रवाशाने भरलेल्या वाढीव रकमेतील किती वाटा आपल्याला मिळणार, हे त्यालाही कित्येकदा उमगत नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ॲपवरील चालकांनी संप केला, तेव्हा काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतके भाडे मिळावे अशी त्यांची मागणी होती. प्रवासी म्हणतो भाडे फार झाले. चालक म्हणतो भाडे पुरत नाही. दोघेही एकाच गाडीत बसून एकमेकांवर रुष्ट होतात आणि हिशेब करणारा तिसरा पक्ष त्या गाडीत नसतोच.

दुसरा विचार अशा नागरिकांचा, ज्यांच्या हाती तसा भ्रमणध्वनी नाही, किंवा असूनही तो चालवणे ज्यांना जमत नाही. वृद्ध मंडळी, खेड्यातून उपचारासाठी आलेले रुग्ण, घरकाम करून उशिरा परतणाऱ्या स्त्रिया यांना आजही हात दाखवला की थांबणारी गाडीच हवी असते. चर्चगेट ते नरिमन पॉइंट यांसारख्या मार्गांवरील शेअर टॅक्सी आणि आगगाडीच्या स्थानकांवरील प्रीपेड टॅक्सी यांची उपयुक्तता म्हणूनच कमी झालेली नाही. शहरातून हात दाखवण्याची सोय नाहीशी झाली, तर तिची झळ ज्यांना पर्याय कमी आहेत त्यांनाच प्रथम बसेल.

नियमांची दिशा

महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये ॲपवरील प्रवासी वाहतुकीसंबंधी जे धोरण जाहीर केले, त्यात प्रवाशांच्या या अनुभवांचे प्रतिबिंब दिसते. मागणी वाढली तरी भाडे मूळ दराच्या दीडपटीपेक्षा अधिक असू नये आणि सवलत पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा त्यात आहे. जुलै २०२५ मधील केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दुपटीपर्यंत मुभा दिली. महाराष्ट्राने आखलेली मर्यादा त्याहून कमी आहे. चालकाने फेरी स्वीकारून कारणाशिवाय रद्द केल्यास भाड्याच्या दहा टक्के किंवा शंभर रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती प्रवाशाला मिळावी. प्रवाशाने रद्द केल्यास पाच टक्के किंवा पन्नास रुपये, यांपैकी कमी असेल ती त्याने द्यावी, अशी तरतूद आहे. भाड्याच्या किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा, असेही त्यात म्हटले आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी ॲपवरील टॅक्सीचा मूळ दर किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा ठरवण्यात आला. त्याच आठ किलोमीटरच्या प्रवासाचा हिशेब या दराने केला, तर मूळ भाडे सुमारे १८२ रुपये, पूर्ण सवलतीने सुमारे १३६ रुपये आणि अधिकात अधिक वाढीने सुमारे २७३ रुपये होते. मीटरच्या १६५ रुपयांशी ही तुलना आता कोणीही करू शकतो. वाढीव भाडे तरीही डोळ्यांत भरते, हे खरे. पण त्याला वरची हद्द आहे आणि ती हद्द जाहीर आहे. यात मीटरमागचे जुने तत्त्वच नव्या सेवेला लागू झालेले दिसते.

नियम कागदावर राहू नयेत यासाठी नागरिकांचा सहभाग अत्यावश्यक आहे. टॅक्सीचालकाने भाडे नाकारल्यास क्रमांक, स्थळ आणि वेळ टिपून परिवहन कार्यालयाला कळवावी. ॲपवरील फेरी विनाकारण रद्द झाल्यास, वाढीव रक्कम हद्द ओलांडत असल्यास किंवा परतावा न मिळाल्यास पडद्याचे चित्र जपून ठेवावे, कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा. गाडीत बसण्यापूर्वी क्रमांकपट्टी आणि पडद्यावरील क्रमांक ताडून पाहावा. संकटाच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा. चालकाशी सौजन्याने वागणे आणि मागवलेली गाडी दाराशी आल्यावर रद्द न करणे, हेही प्रवाशाचे कर्तव्यच होय.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ठरलेला दर पाळावा आणि नकार सोडावा. ॲपवरील सेवेने दिलेला शब्द पाळावा आणि हिशेब उघड ठेवावा. एवढे झाले, तर कळ दाबून गाडी मागवणारा तरुण आणि रुग्णालयाच्या दारात हात दाखवणारी वृद्धा, या दोघांनाही गाडी सारख्याच हक्काने मिळू शकेल. त्यासाठी नियम करणाऱ्यांनी ते अमलात आणले पाहिजेत आणि नियमांचा लाभ घेणाऱ्यांनी आपल्या तक्रारी नोंदवल्या पाहिजेत.